आधी ज्येष्ठता यादी, मग विलीनीकरण

प्रति,
नागरी विमान वाहतूक मंत्रालय, नवी दिल्ली

सेवाज्येष्ठता यादीतला क्रमांक ही वैमानिकाची आयुष्यभराची कमाई असते. कोणते विमान, कोणता तळ, रोस्टरमध्ये पसंती कोणाची, ऐन दिवाळीत रजा कोणाला आणि खांद्यावरच्या तीन पट्ट्यांच्या चार होऊन कॅप्टनची डावी खुर्ची कधी मिळणार, हे बहुतांशी त्यावरच ठरते. म्हणून दोन विमान कंपन्या एक करायच्या तर आधी त्यांच्या याद्या एक कराव्या लागतात. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्सच्या बाबतीत मंत्रालयाने नेमके उलटे केले. ऑगस्ट २००७ मध्ये कंपन्या एक झाल्या, याद्या मात्र दोनच राहिल्या.

वाद अवघड होता, कारण दोन्ही बाजूंचे म्हणणे रास्त होते. इंडियन एअरलाइन्सच्या देशांतर्गत मार्गांवर विमाने लहान आणि फेऱ्या पुष्कळ, त्यामुळे तिथे कमांड म्हणजे कॅप्टनपद लवकर मिळे. एअर इंडियाच्या आंतरराष्ट्रीय मार्गांवर जागा मोजक्या, म्हणून सहवैमानिकाला जास्त थांबावे लागे. रुजू झाल्याच्या तारखेने यादी लावली, तर कित्येक वर्षे डावी खुर्ची सांभाळणारा देशांतर्गत कॅप्टन एका सहवैमानिकाच्या खाली जातो. कमांडच्या तारखेने लावली, तर आधी रुजू झालेला सहवैमानिक केवळ आपल्या कंपनीत जागा नव्हती म्हणून मागे पडतो. त्यात ड्रीमलायनर विमानांची भर पडली. ती २७ विमाने जुन्या एअर इंडियाने विलीनीकरणाआधी मागवलेली, त्यामुळे त्यांवरची कमांड आपली, असे तिचे वैमानिक मानत. कंपनी एक झाली तर विमानेही सगळ्यांची, हे इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांचे उत्तर.

दोन्ही कंपन्यांचा मालक सरकारच होता. तरीही मंत्रालयाने निर्णय घेतला नाही. एप्रिल २०११ मध्ये समान वेतनासाठी पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी १० दिवस संप केला. या प्रश्नांवर नेमलेल्या न्या. धर्माधिकारी समितीचा अहवाल जानेवारी २०१२ मध्ये आला, म्हणजे विलीनीकरणानंतर चार वर्षे उलटून गेल्यावर. त्याच वर्षी मे महिन्यात ड्रीमलायनरचे प्रशिक्षण कोणाला द्यायचे यावरून पूर्वीच्या एअर इंडियाच्या वैमानिकांनी संप पुकारला. तो ५८ दिवस चालला, १०१ वैमानिक बडतर्फ झाले, आंतरराष्ट्रीय उड्डाणे रद्द होत राहिली आणि प्रवाशांचे हाल झाले. या नुकसानीची जबाबदारी मंत्रालयाची आहे. वैमानिकांवर कारवाई झाली, यादी लटकत ठेवणाऱ्यांना कोणी जाब विचारला नाही.

अमेरिकेने त्याच २००७ साली वेगळी वाट धरली. २००१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने टीडब्ल्यूए ही विमान कंपनी विकत घेतली, तेव्हा टीडब्ल्यूएचे निम्म्याहून अधिक वैमानिक यादीच्या तळाशी टाकले गेले आणि पुढच्या कपातीत अनेकांची नोकरी गेली. त्यानंतर २००७ मध्ये झालेल्या मॅकॅस्किल-बाँड कायद्याने याद्या न्याय्य रीतीने एक करणे बंधनकारक केले: आधी वाटाघाटी, त्या फसल्या तर लवाद. लवाद हा रामबाण नव्हे, यूएस एअरवेजमधला ज्येष्ठतेचा वाद लवादानंतरही कित्येक वर्षे चिघळला. पण वैमानिकाला दाद मागायला हक्काची जागा मिळाली.

भारतात २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये एआयएक्स कनेक्ट एअर इंडिया एक्स्प्रेसमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. अशा वेळी यादी कशी लावायची, हे आजही व्यवस्थापनाच्या हाती आहे. मंत्रालयाने विलीनीकरणाआधी एकत्रित यादीचा मसुदा जाहीर करणे, त्यावर हरकती मागवणे आणि ठराविक मुदतीत लवादाचा निवाडा मिळवणे कायद्याने सक्तीचे करावे. त्या निवाड्याशिवाय विलीनीकरणाला ना हरकत प्रमाणपत्र देऊ नये.