‘किरकोळ जखमी’ लिहून बातमी संपते, डोक्याला बसलेला हादरा संपत नाही

अपघाताच्या बातमीतली शेवटची ओळ आता सगळ्यांना पाठ झाली आहे. दुचाकीवरचे दोघे किरकोळ जखमी, प्राथमिक उपचारानंतर घरी सोडले. बातमी तिथं संपते. गावात चर्चाही तिथंच संपते, ‘वाचला बिचारा’ म्हणून.

पण त्या माणसाच्या घरी पुढचे पंधरा दिवस काय चाललंय, हे कुणी विचारत नाही. डोकं जड आहे, उन्हात उभं राहवत नाही, टीव्हीचा आवाज नको वाटतो. सांगितलेलं काम विसरतो, पोरांवर उगाच खेकसतो. घरचे म्हणतात, “रिपोर्ट तर नॉर्मल आलाय, मग हे काय नाटक?” तो बिचारा स्वतःही तेच म्हणतो आणि चौथ्या दिवशी कामावर जातो.

हे नाटक नसतं. याला डॉक्टर कन्कशन म्हणतात, म्हणजे मेंदूला बसलेला हादरा. मेंदूच्या दुखापतींमधला हा सौम्य प्रकार. बहुतेक माणसं यातून पूर्ण बरी होतात. मात्र पहिले दोन दिवस नीट लक्ष ठेवलं आणि पुढचे काही दिवस कामाची घाई केली नाही, तर. आपल्याकडे नेमक्या याच दोन गोष्टी होत नाहीत.

आकडे काय सांगतात

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४ लाख ६१ हजार ३१२ रस्ते अपघात झाले आणि १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यातली ५० हजार २९ माणसं हेल्मेट न घातलेली दुचाकीस्वार होती. यात १४ हजारांहून जास्त लोक मागे बसलेले होते. एकट्या महाराष्ट्रात त्या वर्षी १५ हजार २२४ मृत्यू झाले. देशातले दोन तृतीयांशाहून जास्त अपघाती मृत्यू ग्रामीण भागातल्या रस्त्यांवर होतात, हे पण याच अहवालात आहे.

मेलेल्यांची मोजणी होते. जखमींची नोंद मात्र ‘गंभीर’ आणि ‘किरकोळ’ अशा दोन खान्यांत होते. डोकं आपटलं, पण हाड मोडलं नाही, दवाखान्यात ॲडमिट व्हावं लागलं नाही, तर तो माणूस किरकोळच्या खान्यात जातो. आणि शेतात, विहिरीवर, झाडावरून, जनावराच्या धडकेनं किंवा कबड्डीत डोकं आपटलं, तर तो कुठल्याच खान्यात जात नाही.

आत नेमकं होतं काय?

डोक्यावर भरलेली कळशी घेऊन चालताना अचानक ठेच लागली, तर कळशी फुटत नाही, पण आतलं पाणी हिंदकळतं. मेंदूचं साधारण तसंच होतं. कवटी शाबूत राहते, वरून टेंगूळ पण नसतं. मात्र आत मेंदू जोरात हलतो, त्याच्या पेशींचं काम काही दिवस विस्कटतं. डोक्यावरच मार बसला पाहिजे असंही नाही, मानेला जोराचा झटका बसला तरी हे होऊ शकतं.

सीटी स्कॅन नॉर्मल येतो तो यामुळेच. सीटीत रक्तस्राव दिसतो, हाड मोडलेलं दिसतं. पेशींच्या कामातला बिघाड त्यात दिसत नाही. म्हणजे ‘सीटी नॉर्मल’चा अर्थ ‘आत रक्तस्राव दिसत नाही’ एवढाच. ‘काहीच झालं नाही’ असा तो होत नाही. आणि प्रत्येकाला सीटी लागतोच असंही नाही, ते डॉक्टर तपासून ठरवतात.

बेशुद्ध पडला नाही म्हणजे मेंदूला काही झालं नाही, हा दुसरा गैरसमज. कन्कशनमध्ये शुद्ध हरपलीच पाहिजे असं अजिबात नाही. काही लक्षणं तर दुसऱ्या दिवशी सुरू होतात.

याचं सगळ्यांनी पाहिलेलं उदाहरण क्रिकेटमधलं आहे. ऑगस्ट २०१९, लॉर्ड्सचं मैदान. जोफ्रा आर्चरचा बाउन्सर स्टीव्ह स्मिथच्या मानेवर बसला आणि तो खाली कोसळला. डॉक्टरांनी तपासलं, चाचण्या ठीक आल्या, तो परत येऊन खेळलाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उठला तर डोकं दुखतंय, गरगरतंय. त्याला बाहेर बसवलं आणि त्याच्या जागी मार्नस लाबुशेन आला. कसोटी क्रिकेटमधला तो पहिला कन्कशन बदली खेळाडू. स्मिथ पुढची कसोटीही खेळला नाही. आपल्या पुण्यात ३१ जानेवारी २०२५ च्या टी-२० सामन्यात शिवम दुबेच्या हेल्मेटवर चेंडू लागला आणि हर्षित राणा उतरला, तो हाच नियम. त्याच वर्षी आयसीसीनं नियम आणखी कडक केला. आता कन्कशन झालेल्या खेळाडूला किमान सात दिवस बाहेर बसावं लागतं.

हेल्मेट घातलेल्या, शेजारी डॉक्टर असलेल्या खेळाडूला सात दिवस. आपल्याकडं ऊसतोड मजूर ट्रॉलीवरून पडला तर त्याला किती दिवस मिळतात?

पहिले ४८ तास : कशावर लक्ष ठेवायचं

हादरा आणि आतला रक्तस्राव, सुरुवातीला दोन्ही सारखेच दिसू शकतात. काही वेळा माणूस तास-दोन तास छान बोलतो, चहा घेतो आणि मग ढासळतो. म्हणून पहिले दोन दिवस त्याला एकटं ठेवू नका. खालीलपैकी एकही गोष्ट दिसली तर वाट न बघता १०८ ला फोन करा किंवा सीटीची सोय असलेल्या रुग्णालयात न्या:

– डोकेदुखी वाढतच चालली आहे
– पुन्हा पुन्हा उलट्या होताहेत
– फिट (झटका) आली
– बोलणं अडखळतंय, एका बाजूचा हात किंवा पाय जड पडलाय
– माणसं ओळखेना, वेड्यासारखं वागतोय
– झोपेतून उठवूनही नीट जाग येत नाही
– डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या दिसताहेत
– नाकातून किंवा कानातून रक्त अथवा पाण्यासारखं येतंय
– लहान बाळ असेल तर रडणं थांबत नाही, दूध पीत नाही

म्हातारी माणसं आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणारे हृदयरुग्ण यांना मार थोडा वाटला तरी दवाखान्यात दाखवायचंच. वयस्कर माणसात रक्त हळूहळू साचतं. दोन-तीन आठवड्यांनी चाल बिघडते, बोलणं विसंगत होतं आणि घरचे ‘आता वय झालं’ म्हणून सोडून देतात. महिन्याभरात आजोबा कधी न्हाणीत घसरले होते का, हे डॉक्टरांना आठवणीनं सांगा.

दारूचा विषय स्पष्टच बोलायला हवा. प्यालेला माणूस गाडीवरून पडला की लोक त्याला उचलून ओट्यावर टाकतात. ‘उतरली की उठेल’ म्हणतात. दारूची गुंगी आणि मेंदूतल्या रक्तस्रावाची गुंगी बाहेरून ओळखू येत नाही. प्यालेल्याचं डोकं आपटलं असेल तर त्याला दवाखान्यात न्यायलाच हवं.

गावात चालणाऱ्या चुका

पडलेला माणूस अर्धवट शुद्धीत असताना तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. चप्पल, कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नका. मानेला मार असेल तर हात-पाय धरून झोळीसारखं उचलू नका, डोकं आणि मान सरळ ठेवून, चार जणांनी मिळून हलवा.

डोकेदुखीवर मेडिकलमधून कुठलीही गोळी किंवा ‘दुखण्याचं इंजेक्शन’ घेऊ नका. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक अशा औषधांनी रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. साधारणपणे पॅरासिटामॉल चालतं, पण तेही डॉक्टरांना विचारून.

“त्याला झोपू देऊ नका” हे सगळेच सांगतात. डॉक्टरांनी तपासून घरी सोडलं असेल तर झोप चांगलीच, मेंदूला ती हवी असते. रात्री मध्ये उठवून बघायचं का आणि किती वेळा, हे सुटी होतानाच विचारून घ्या.

बरं कसं व्हायचं?

पूर्वी सांगायचे, अंधाऱ्या खोलीत पडून राहा. आता तसं सांगत नाहीत. खेळातल्या कन्कशनवर जगभरचे तज्ज्ञ २०२२ मध्ये ॲमस्टरडॅमला जमले होते. त्यांची सूचना अशी: पहिले २४ ते ४८ तास आराम, पण पूर्ण अंथरुण धरायचं नाही. घरातल्या घरात हलकं काम, थोडं चालणं चालतं. या दोन दिवसांत मोबाइल आणि टीव्ही कमी करायचा. मग पायरी-पायरीनं वाढवायचं.

ही पायरी आपल्या कामाला लावून बघू. आधी अंगणात, बांधापर्यंत चालणं. ते झेपलं तर बसून करायची हलकी कामं. मग अर्धा दिवस काम. मग ओझं उचलणं, खुरपणी, पाणी धरणं. ट्रॅक्टर, मोटारसायकल, कडबा कुट्टी, शिडी, विहीर आणि फवारणी सगळ्यात शेवटी, डॉक्टर हो म्हणाल्यावरच. एका पायरीवर कमीत कमी एक दिवस थांबायचं. त्रास जरासा वाढून तासाभरात शमला तर काळजी नाही. जास्त वाढला तर एक पायरी मागे. दारू बंद.

शाळकरी पोरांनी आधी वर्गात बसायचं, मैदान नंतर. सुरुवातीला अर्धा दिवस शाळा, वाचनात मधे मधे विश्रांती, फळ्याकडं बघून डोकं दुखलं तर गृहपाठात सूट. एवढं गुरुजींनी समजून घेतलं तरी पुष्कळ. पहिला हादरा भरून येण्याआधी दुसरा बसला तर त्रास खूप लांबतो, क्वचित जिवावरही बेततं. म्हणून कबड्डी, कुस्ती, क्रिकेट, गोविंदा पथकाचा सराव हे डॉक्टरांच्या परवानगीशिवाय नाही.

मोठी माणसं बहुतेक दोन आठवड्यांत सावरतात, मुलांना चार आठवडे लागू शकतात. महिना उलटला तरी डोकेदुखी, चक्कर, विसरणं, चिडचिड, झोप न लागणं सुरूच असेल तर परत डॉक्टरांकडं जा, त्यावर उपचार आहेत. मन फारच उदास राहत असेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ मोफत आहे.

खरी अडचण आरामाची नाही, रोजाची आहे

हे सगळं वाचून कुणीही म्हणेल, आराम कुणाला नको? मुकादमाची उचल घेऊन आलेल्या जोडप्यात एकानं सुटी घेतली की खाडा पडतो, पैसे कापले जातात. रोजंदारीवरच्या बाईला डोकं दुखतं म्हणून घरचं पाणी, चूल सुटत नाही. हातात प्लॅस्टर असतं तर चार लोक मदतीला येतात. मेंदूच्या हादऱ्याला प्लॅस्टर नसतं, म्हणून कुणाला तो दिसत नाही.

सरकारी मदतीचंही तसंच. केंद्रानं मे २०२५ मध्ये रस्ते अपघातग्रस्तांसाठी कॅशलेस उपचार योजना लागू केली. अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचा खर्च नेमून दिलेल्या रुग्णालयांत त्यातून होऊ शकतो. पण त्यासाठी अपघाताची पोलिसांकडून खातरजमा व्हावी लागते. आपल्याकडं ‘किरकोळ आहे, कशाला पोलिसांचं लफडं’ म्हणून दोन्ही गाडीवाले आपसात मिटवतात. चौथ्या दिवशी त्रास वाढला की हातात कागद नसतो. नुकसानभरपाईचा दावाही सहा महिन्यांच्या आत करावा असं मोटार वाहन कायदा सांगतो. म्हणून डोक्याला मार असेल तर नोंद कराच. अपघाताची वेळ, शुद्ध हरपली का, उलटी झाली का, हे केसपेपरवर लिहून घ्या आणि तो कागद जपून ठेवा.

काय करता येईल?

यात मोठ्या निधीचं काम नाही. डोक्याला मार लागलेल्या प्रत्येक रुग्णाला सुटी देताना धोक्याच्या लक्षणांचा मराठीतला एक कागद ग्रामीण रुग्णालयांनी द्यावा. दुसऱ्या आणि सातव्या दिवशी आशाताईंनी घरी एक चक्कर मारावी, आणि त्या कामाचा मोबदला त्यांना मिळावा. तालुक्यातल्या कबड्डी आणि टेनिस बॉल स्पर्धांच्या आयोजकांनी एकच नियम करावा: डोकं आपटलेला खेळाडू त्या दिवशी परत मैदानात उतरणार नाही, मग तो कितीही हट्ट करो. कारखान्यांनी आणि मुकादमांनी डोक्याच्या दुखापतीचा खाडा धरू नये.

आणि हेल्मेट. त्यानं डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, हे अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेऊन निघालेलं आहे. मेंदूचा हादरा हेल्मेट पूर्ण थांबवत नाही, पण जे मरण ठरलं असतं त्याचा हादऱ्यावर निभाव लागू शकतो. कायद्यानं ते मागे बसणाऱ्यालाही लागतं आणि चार वर्षांवरच्या मुलालाही. आठवडी बाजाराला जाताना चालवणाऱ्याच्या डोक्यावर एक आणि मागे बायको-पोरं उघड्या डोक्यानं, हे दृश्य आपल्या रस्त्यावर रोजचं आहे.

तुमच्या घरात किंवा शेजारी मागच्या महिनाभरात कुणी पडलं असेल आणि तेव्हापासून ‘तो पहिल्यासारखा राहिला नाही’ असं वाटत असेल, तर उद्याच त्याला दवाखान्यात दाखवा. सोबत घरचं एक माणूस जा. त्याच्यात काय बदल झालाय, हे त्याच्यापेक्षा तुम्हालाच जास्त नीट सांगता येईल.