विश्लेषण : कारची नवी बॅटरी स्वस्त झाली, पण जुनी जाते कुठे?

जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आल्याने कारची नवी बॅटरी घेणे काहीसे सुसह्य झाले आहे. मात्र जुन्या बॅटरीतले शिसे चुकीच्या भट्टीत गेले, तर त्याची किंमत आसपासची मुले मोजतात. याबाबतचे नियम काय आहेत आणि ग्राहकाच्या हातात नेमके काय आहे?

सकाळी गाडी सेल्फ घेत नाही. मेकॅनिक बॅटरी तपासतो आणि ‘नवीच टाकावी लागेल’ असे सांगतो. दुकानात मग दोन भाव ठरतात. एक नव्या बॅटरीचा, दुसरा जुनीचा. नव्या बॅटरीची ब्रँड, वॉरंटी, सवलत अशी सगळी चौकशी होते. जुनी मात्र जो शंभर-दोनशे रुपये जास्त देईल त्याच्या हवाली होते. हे जास्तीचे पैसे तो कशाच्या जोरावर देतो, हा या व्यवहारातला सर्वात महत्त्वाचा प्रश्न आहे.

बॅटरी खरोखर संपली आहे का?

पेट्रोल-डिझेल कारमध्ये सहसा १२ व्होल्टची लेड-अॅसिड बॅटरी असते. तिच्यात सहा सेल असतात. गाडी काही तास बंद असताना पूर्ण चार्ज बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. हा आकडा १२.२ च्या आसपास आला, तर चार्ज निम्म्यावर आला असे समजावे. इंजिन सुरू केल्यावर बहुतेक गाड्यांत तो १३.८ ते १४.४ व्होल्टपर्यंत चढतो. तसा चढत नसेल, तर दोष अल्टरनेटरचा असू शकतो आणि नवी बॅटरीही काही दिवसांत उतरेल. टर्मिनलवर साचलेला पांढरा-हिरवा थर किंवा सैल क्लॅम्प यामुळेही गाडी सेल्फ घेत नाही. त्यामुळे बदलण्याआधी व्होल्टेज, लोड टेस्ट आणि चार्जिंग या तीन तपासण्या करून घ्याव्यात.

आपल्याकडे बॅटरी लवकर का जाते?

कार बॅटरीचे आयुष्य साधारण तीन ते पाच वर्षे असते. थंडीत बॅटरी बंद पडते म्हणून तिला थंडी बाधली असे वाटते, पण खरे नुकसान उन्हाळ्यात झालेले असते. तापमान १० अंशांनी वाढले की आयुष्य जवळपास निम्मे होते, असा ठोकताळा आहे. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो तेव्हा बॉनेटखाली त्याहून जास्त उष्णता असते. गाडी आठवडाभर उभी राहणे किंवा रोज फक्त दोन-तीन किलोमीटर चालणे हेही घातक. अर्धवट चार्ज अवस्थेत प्लेटवर लेड सल्फेटचे कडक स्फटिक जमतात आणि क्षमता घटत जाते.

जीएसटी कपातीने किती फरक पडला?

लिथियम-आयन बॅटरीवर आधीपासून १८ टक्के जीएसटी होता, तर लेड-अॅसिड बॅटरीवर २८ टक्के. २२ सप्टेंबर २०२५ पासून लेड-अॅसिडही १८ टक्क्यांच्या टप्प्यात आली. करापूर्वी ५,००० रुपये किंमत असलेली बॅटरी पूर्वी ६,४०० रुपयांना पडत असे, ती आता ५,९०० रुपयांना पडते. म्हणजे ५०० रुपयांची बचत. करातली ही सवलत मिळाली की नाही, हे पाहायचे असेल तर बिल हवेच. ‘बिलाशिवाय घेतली तर आणखी कमी’ ही ऑफर स्वीकारली की वॉरंटीचा दावा अवघड होतो आणि जुनी बॅटरी कुणाकडे दिली याचाही पुरावा उरत नाही.

जुन्या बॅटरीला पैसे कशाचे मिळतात?

शिशाचे. छोट्या कारच्या बॅटरीचे वजन साधारण १० किलो असते आणि त्यातला जवळपास ६० टक्के भाग शिसे आणि त्याची संयुगे असतात. उरलेल्यात प्लॅस्टिकचे खोके आणि सल्फ्युरिक आम्लाचे द्रावण. शिसे पुन्हा पुन्हा वितळवून नव्या बॅटरीत वापरता येते, त्याचा दर्जा घसरत नाही. नीट गोळा झाली तर लेड-अॅसिड बॅटरी ही सर्वाधिक पुनर्वापर होणाऱ्या वस्तूंपैकी एक ठरते. त्यामुळे वाद बॅटरीच्या वापराचा नाही, ती कुठे आणि कशी फोडली जाते याचा आहे.

अनधिकृत भट्टीत काय होते?

परवानाधारक कारखान्यात बॅटरी बंदिस्त यंत्रात फोडली जाते. आम्लावर प्रक्रिया होते आणि भट्टीचा धूर गाळून बाहेर सोडला जातो. या यंत्रणेला खर्च येतो. अनधिकृत ठिकाणी बॅटरी कुऱ्हाडीने फोडतात, आम्ल जमिनीवर ओततात आणि शिसे उघड्यावर वितळवतात. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे त्यासाठी मोठी यंत्रणा लागत नाही. प्रदूषण रोखण्याचा खर्चच नसल्याने अशा भट्टीला माल पुरवणारा जुन्या बॅटरीला जास्त भाव देऊ शकतो. वरचे शंभर-दोनशे रुपये येतात ते इथून.

तिथली धूळ मातीत, घरात आणि कामगारांच्या कपड्यांवर बसते. मुले जमिनीलगत खेळतात, हात तोंडात घालतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार, लहान मुलांचे शरीर मोठ्यांच्या तुलनेत चार ते पाच पट शिसे शोषून घेऊ शकते आणि शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानली जात नाही. मेंदूच्या वाढीवर होणारा परिणाम भरून निघत नाही. सेनेगलमधील थियारॉय-सुर-मेर या वस्तीत बॅटरीतल्या शिशामुळे नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या काळात १८ मुले दगावली होती.

भारतातली स्थिती काय?

भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले आणि एक मोठा स्रोत संपला. तरीही युनिसेफ आणि ‘प्युअर अर्थ’ यांच्या २०२० मधील अहवालाने भारतातील सुमारे २७.५ कोटी मुलांच्या रक्तात प्रति डेसिलिटर ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे असल्याचा अंदाज दिला. याला एकट्या बॅटऱ्या जबाबदार नाहीत. रंग, भेसळयुक्त मसाले, काही भांडी हेही स्रोत आहेत. पण वापरलेल्या लेड-अॅसिड बॅटऱ्यांची असुरक्षित हाताळणी हे त्या अहवालात प्रमुख कारण म्हणून नोंदवले आहे.

नियम काय सांगतात?

२००१ च्या जुन्या नियमांच्या जागी ऑगस्ट २०२२ मध्ये बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम आले. त्यांचा गाभा आहे विस्तारित उत्पादक जबाबदारी, म्हणजेच ईपीआर. बॅटरी बाजारात आणणाऱ्या कंपनीने वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्यावर पुनर्प्रक्रिया होईल हे पाहायचे आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर त्याचा हिशेब द्यायचा. बॅटरी जमिनीत पुरण्यास किंवा जाळण्यास मनाई आहे. लक्ष्य चुकवणाऱ्यांकडून पर्यावरण भरपाई वसूल करण्याची तरतूद आहे.

ग्राहकावरही जबाबदारी आहे. बॅटरी घरगुती कचऱ्यात न टाकता वेगळी ठेवायची आणि संकलन किंवा पुनर्प्रक्रिया करणाऱ्या यंत्रणेकडेच द्यायची.

मग गळती कुठे होते?

कंपनीचा हिशेब पोर्टलवर राहतो, पण बॅटरी दुकानदार, मेकॅनिक किंवा भंगारवाल्याच्या हातात असते आणि तिथे कागदापेक्षा किलोचा भाव मोठा ठरतो. अमेरिकेत अनेक ठिकाणी नवी बॅटरी घेताना वेगळी अनामत भरावी लागते आणि जुनी परत केल्यावरच ती मिळते. आपल्या नियमांत कंपन्यांना अनामत परतावा किंवा बायबॅक योजना चालवण्याची मुभा आहे, सक्ती नाही. परिणामी जुन्या बॅटरीची वाट बहुतांशी भावावर ठरते. अधिकृत साखळी भंगाराइतका भाव देऊ शकली नाही, तर कागदावरचे लक्ष्य आणि प्रत्यक्षातली भट्टी यांच्यातले अंतर कायम राहील. इलेक्ट्रिक गाड्यांमुळेही हा प्रश्न लगेच मिटणार नाही. त्यांच्यातही दिवे, लॉक आणि कंट्रोलसाठी १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते आणि अनेक मॉडेलमध्ये ती लेड-अॅसिडच असते.

बदलताना काय लक्षात ठेवावे?

- अॅम्पिअर-अवर क्षमता, आकार आणि टर्मिनलची बाजू कंपनीने सांगितल्याप्रमाणेच हवी. स्टार्ट-स्टॉप असलेल्या गाडीत ईएफबी किंवा एजीएम प्रकारची बॅटरी लागते. तिथे साधी बॅटरी लवकर जाते.

- ‘४८ महिने वॉरंटी’ म्हणजे ४८ महिने मोफत बदली असे नव्हे. ठरावीक महिने मोफत आणि पुढे प्रो-राटा, म्हणजे वापरानुसार घटत जाणारी सवलत, अशी विभागणी असते. ती आधी विचारावी. उत्पादनाची तारीखही पाहावी.

- काढताना आधी निगेटिव्ह टर्मिनल, बसवताना आधी पॉझिटिव्ह. गाडीची बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. निगेटिव्ह जोडलेले असताना पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला लागला, तर शॉर्ट सर्किट होते.

- वजन कमी करण्यासाठी बॅटरीतले आम्ल गटारात किंवा मातीत ओतू देऊ नये. बॅटरी आहे तशीच, उभी ठेवून न्यावी.

- जुनी बॅटरी कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडेच एक्स्चेंजमध्ये द्यावी आणि त्याची किंमत बिलावर वेगळी लिहून घ्यावी. ‘ही बॅटरी पुढे कुठे जाते’ हेही विचारावे. ज्याला याचे उत्तर देता येत नाही, त्याचा भाव जास्त असला तरी सोडून द्यावा. नव्या बॅटरीवर कर कपातीने वाचलेल्या ५०० रुपयांपुढे ही रक्कम फार मोठी नाही.