आपल्या सुरातला येशू

परवा हैदराबादच्या एका चर्चमध्ये तेलुगू ख्रिस्ती कीर्तनं ऐकली. (हो, शब्दही 'कीर्तन'च!) एकोणिसाव्या शतकातल्या पुरुषोत्तम चौधरींसारख्या कवींची पदं तिथं आजही म्हणतात. टाळ्यांचा ठेका धरून म्हाताऱ्याकोताऱ्या डोळे मिटून गात होत्या. ख्रिस्ती श्रद्धा म्हणजे पाप, पश्चात्ताप आणि लांब चेहरे, असं मानणाऱ्यांनी हा आनंद एकदा पाहावाच. मला वाटतं, देव आपल्या भाषेत भेटला की भक्तीचं ओझं होत नाही. फादर स्टीफन्सनी हे फार पूर्वी ओळखलं होतं. १६१६ साली रायतूरला छापलेलं त्यांचं 'ख्रिस्तपुराण' मराठी ओव्यांत आहे. पुढं १६८४ मध्ये पोर्तुगिजांनी स्थानिक भाषांवर बंदी घातली. आज त्याच रायतूरला जाऊन कुणाला त्यातल्या चार ओव्या म्हणायला सांगा बरं!