दार ठोठावण्याचें शिक्षण

मुलगा किंवा मुलगी उच्च शिक्षणासाठीं अमेरिकेस निघाली म्हणजे घरांत खर्चाची, थंडीची आणि जेवणाची चर्चा पुष्कळ होते. परंतु मध्यरात्रीं पोर खचून गेलें तर त्याच्या दारीं प्रथम कोण येईल, हा प्रश्न क्वचितच निघतो. तेथील अनेक विद्यापीठांच्या वसतिगृहांत हें काम 'रेसिडेंट असिस्टंट' म्हणून नेमलेल्या विद्यार्थ्याकडे असतें. तो स्वतःच बहुधा एकोणीस-वीस वर्षांचा! त्याला धीर कोठून यावा?

त्यासाठीं सत्र सुरू होण्यापूर्वीं त्यांचा शिक्षणवर्ग भरतो. त्यांतील 'बिहाइंड क्लोज्ड डोअर्स', म्हणजे 'बंद दारांआड', हा प्रयोग आम्हांस विशेष मननीय वाटतो. अनुभवी साहाय्यक खोल्यांत बसून सोंगें वठवितात: एकीकडे सोबत्यांचें भांडण, दुसरीकडे मद्यपान, तिसरीकडे जीव नकोसा झालेला विद्यार्थी. नवख्यानें दार ठोठावावें, आंत जावें आणि प्रसंग निभवावा. मागाहून काय साधलें व काय चुकलें, ह्याचा सर्वांनीं मिळून विचार करावयाचा.

अल्बर्ट बांडुरा ह्या मानसशास्त्रज्ञानें १९७७ सालीं आत्मविश्वासाचे चार उगम सांगितले: स्वतः काम पार पाडल्याचा अनुभव, दुसऱ्यास तें करतांना पाहणें, इतरांचा प्रोत्साहनपर शब्द आणि आपल्या शरीर-मनाची त्या वेळची अवस्था. ह्यांत पहिला सर्वांत बलवान. आपल्याकडे विहिरींत पोहावयास शिकवितांना मुलाच्या कमरेस सुका भोपळा बांधीत. काठावरच्या व्याख्यानानें कोणी पोहावयास शिकत नाहीं. आणि भोपळ्यावांचून लोटून देणें हेंही शिक्षण नव्हे. वरील सोंगें म्हणजे तो भोपळाच होय. तेथें चुकलें तरी कोणाचा जीव जात नाहीं.

मात्र धीर म्हणजे सर्वज्ञता नव्हे. जीवावरचा प्रसंग दिसतांच वरिष्ठांस व तज्ज्ञांस तात्काळ बोलावणें, हाही ह्या शिक्षणाचा मुख्य भाग आहे. 'हें माझ्या एकट्याच्या हातचें नाहीं,' असें न लाजतां म्हणतां येणें, हीच खऱ्या आत्मविश्वासाची खूण.

आपल्या देशांत विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ सालच्या रॅगिंग-प्रतिबंधक नियमांनीं वसतिगृहाच्या अधीक्षकांवर मोठी जबाबदारी टाकली. जबाबदारी कागदानें येते. धीर सरावानेंच येतो. म्हणून पाल्यास वसतिगृहांत ठेवतांना खोलीचें भाडें विचारणाऱ्या पालकांनीं आणखी एक प्रश्न विचारावा, अशी आमची विनंती आहे: रात्रीं दार ठोठावणाऱ्यास आपण काय शिकविलें आहे?