घरचा लेझर आणि प्रवाहाचें माप

गेल्या महिन्यांत पंचवटींतील आमच्या माडीवर एका लेझरानें प्राण सोडला. इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षास असलेल्या पुतण्यानें निकामी डीव्हीडी-रायटर उघडून त्यांतील तांबडा लेझर डायोड काढला व दोन सेलांस सरळ जोडला. क्षणभर भिंतीवर झगझगीत ठिपका उमटला. मग नुसता तांबूस मिणमिणाट उरला. "काका, दिवा तर लागतो आहे, मग किरण कोठें गेला?" हा प्रश्न आम्हांस इतका नामी वाटला कीं, या वेळचें पान त्यालाच देत आहों.

हा डायोड म्हणजे तिळाहूनही लहान स्फटिक. त्याचीं दोन गुळगुळीत टोकें हेच त्याचे आरसे. त्यांमध्यें येरझारा घालून प्रकाश बळावतो. १९६२ सालीं अमेरिकेंत रॉबर्ट हॉल यांनीं असा लेझर प्रथम चालविला, तोही द्रवरूप नायट्रोजनच्या थंडाईंत, विजेचे क्षणिक ठोके देऊन. आजचे डायोड खोलींत अखंड चालतात, पण स्वभाव तापटच. ठराविक प्रवाहाखालीं ते साध्या दिव्यासारखे मिणमिणतात, त्यावर किरण फेंकतात, आणि आणखी थोडा प्रवाह चढला कीं आरसेच जळतात. आरसे गेले, दिवा राहिला.

"पण व्होल्ट तर तीनच होते!" ही पुतण्याची तक्रार. गंगेला पूर आला म्हणजे आपण दुतोंड्या मारुतीला पाणी कोठवर लागलें तें पाहतों; गंगापूर धरणावर मात्र किती क्यूसेक सोडले याचा हिशेब असतो. डायोडास हा दुसरा हिशेब हवा. तो तापला कीं त्याच दाबास अधिक प्रवाह घेतो, त्यानें अधिक तापतो, आणि घात होतो. ड्रायव्हर हा त्याचा दरवाजे सांभाळणारा.

सर्वांत सोपा ड्रायव्हर एलएम-३१७ या तीन पायांच्या रेग्युलेटराचा. त्याच्या आउटपुट व अ‍ॅडजस्ट या पायांमध्यें रोध घातला, कीं तो रोधावर १.२५ व्होल्टच राखतो. रोध १२ ओहमांचा असल्यास प्रवाह सुमारें १०४ मिलिअँपिअर. अ‍ॅडजस्टच्या पायाशीं डायोड जोडावा. रोधाचे सव्वा, रेग्युलेटराचे दोनेक आणि डायोडचे अडीच मिळून पावणेसहा व्होल्ट खर्ची पडतात. तीन सेलांचे साडेचार पुरत नाहींत.

प्रथम मात्र लेझर जोडूंच नये. तीन-चार साधे डायोड व एक ओहमाचा रोध ओळीनें लावावा. त्या रोधावर जितके मिलिव्होल्ट, तितके मिलिअँपिअर. मग वीज तोडून कंडेन्सर रिता करावा, नाहींतर त्यांतील सांठा नव्या डायोडवर एकदम कोसळतो. आणि पूजेचा कद नेसून डायोडास हात लावूं नये. रेशमाच्या घर्षणाची वीजही त्यास पुरते. (हें आमच्या थोरल्या बंधूंस उद्देशून.)

डायोडची किंमत क्षुल्लक, डोळ्यांची नव्हे. रायटरचा किरण शंभर मिलिवॅटांच्याही वर जातो आणि पापणी मिटण्याआधींच नेत्रपटल जाळूं शकतो. घासलेल्या ताम्हनावरून परतलेला किरणही तितकाच घातक, आणि आमच्या घरांत चार वर्षांची नात दिवसभर माडीवर धांवत असते. साधा काळा चष्मा कुचकामाचा. त्याच रंगाचा किरण अडविणारा खास चष्मा लागतो.

दुसरा डायोड आला आहे, ड्रायव्हरही तयार आहे. चष्मा यावयाचा आहे. तोंवर पेटी फडताळांत कुलुपबंद असून किल्ली वहिनींच्या कमरेला आहे.