मीटर नव्हे, बिलं बघा

सोलापुरात जुनी गाडी बघायला गेलेला माणूस दार उघडतो, स्टिअरिंगमागे बसतो आणि पहिली नजर टाकतो ती मीटरवर. आकडा साठ हजारांच्या आत दिसला की चेहरा खुलतो. लाखाच्या वर गेला की ‘लई चाललीय’ म्हणत खाली उतरतो. एसटीच्या कार्यशाळेत उभी हयात डिझेल इंजिनांत हात काळे करून मी निवृत्त झालो. आता नात्यातले, शेजारपाजारचे गाडी बघायला मला सोबत नेतात. त्यांना माझं एकच सांगणं असतं : मीटर सगळ्यात शेवटी बघा. पैसे मोजके आहेत आणि खात्रीची डिझेल गाडी हवी आहे ना? मग जास्त चाललेली, पण हिशेब असलेली गाडी घ्या. कमी चाललेली बेहिशेबी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी शेवटी महागच पडते.

एसटीची बस लाखो किलोमीटर धावते. ती टिकते, कारण ऑइल कधी बदललं, पंप कधी काढला, ब्रेकचं काम कधी झालं, हे कुठेतरी लिहिलेलं असतं. डिझेल इंजिन चालण्याने झिजतं खरं, पण दुर्लक्षाने त्याहून लवकर मरतं. पुणे हायवेला वरच्या गिअरमध्ये दीड लाख किलोमीटर पळालेलं आणि वेळच्या वेळी ऑइल मिळालेलं इंजिन अजून तितकंच पळू शकतं. तेच जुळे सोलापूर ते नवी पेठ करत सत्तर हजारांवर आलेलं आणि जुन्याच ऑइलवर रेटलेलं इंजिन तुमच्या दारात येऊन बसेल.

पण त्याच्याही आधी एक प्रश्न आहे आणि तो गाडीचा नाही, तुमचा आहे. महिन्याला रनिंग किती? डिझेल गाडीचं वेड आपल्याला लागलं त्याला कारण होतं. जून २०१० मध्ये पेट्रोलचे भाव सरकारने मोकळे सोडले, डिझेलचे धरून ठेवले. २०१२ च्या उन्हाळ्यात दोन्हींमध्ये लिटरमागे तीस रुपयांच्या आसपास फरक पडला होता. त्या काळात ज्याला त्याला डिझेलच हवं होतं, आणि आज बाजारात दिसणाऱ्या जुन्या डिझेल गाड्यांतल्या कितीतरी त्याच लाटेतल्या. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलही मोकळं झालं. आता फरक बारा-चौदा रुपयांवर आला आहे.

हिशेब साधा आहे. पेट्रोल १०५ रुपये आणि गाडीचं अ‍ॅव्हरेज १६ धरा, किलोमीटरला साडेसहा रुपये पडतात. डिझेल ९२ आणि अ‍ॅव्हरेज २१ धरा, चार रुपये चाळीस पैसे पडतात. म्हणजे किलोमीटरमागे दोन रुपयांच्या वर थोडी बचत. महिन्याला १५०० किलोमीटर फिरणाऱ्याचे वर्षाला ३९ हजारांच्या आसपास वाचतात. पाचशे किलोमीटर फिरणाऱ्याचे वाचतात जेमतेम १३ हजार. कॉमन रेल इंजिनाचा एक नवा इंजेक्टर पाच आकडी रक्कम घेतो आणि इंजेक्टर असतात तीन-चार. एकदा पंप-इंजेक्टरचं काम निघालं की पाचशेवाल्याची दोन-तीन वर्षांची बचत त्यातच जाते. शिवाय थंड इंजिनावर दोन-तीन किलोमीटर जाऊन पुन्हा बंद, असा रोजचा वापर डिझेलला मानवत नाही. धूर परत इंजिनात सोडणाऱ्या ईजीआर व्हॉल्व्हमध्ये काजळी साचते. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीत वर डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी जाळी असते. ती जाळी साफ व्हायला गाडी हायवेला सलग पळवावी लागते. तेव्हा मुलांची शाळा, बाजारहाट आणि महिन्यातून एकदा अक्कलकोट एवढंच फिरणं असेल, तर पेट्रोल घ्या किंवा सीएनजी बघा.

माझ्या पुतण्याची गोष्ट वेगळी होती. तो चादरी-टॉवेलच्या ऑर्डरी घेत फिरतो. आज लातूर, उद्या विजापूर, परवा गुलबर्गा. महिन्याला दोन हजार किलोमीटर सहज होतात. त्याच्याकडे तीन लाख होते. मी म्हटलं, गाडी अडीच लाखांतली बघ आणि पन्नास हजारांना हात लावू नकोस. ट्रान्सफर, विमा, टायर, बॅटरी, ऑइल-फिल्टर आणि निघालंच तर क्लचचं काम, हे सगळं त्यातून होतं. तीन लाखांची ऐपत असताना तीन लाखांचीच गाडी घेणारा पहिल्याच महिन्यात उसनवारीवर येतो.

या पैशांत गाडी मिळते ती साधारण बीएस-४ च्या काळातली. माझी पसंती ज्या इंजिनाचे सुटे भाग मंगळवेढ्यात, बार्शीतही मिळतील आणि जे उघडायला गॅरेजवाला घाबरणार नाही, त्याला. त्यात १२४८ सीसीचं फियाटचं मल्टीजेट पहिलं. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, टाटांची व्हिस्टा, मांझा, झेस्ट, फियाटची पुंटो, लिनिआ, या सगळ्या गाड्यांत वेगवेगळ्या नावांनी हेच इंजिन. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंद केल्या, तरी या इंजिनाची माहिती असलेला मिस्त्री प्रत्येक तालुक्याला सापडतो. याला टायमिंग चेन आहे. पण ऑइलची हयगय झाली की तीच चेन सैल पडून सकाळी खडखडते, तेवढं कान देऊन ऐकावं. टोयोटा इटिऑसचं १.४ लिटरचं डिझेलही दणकट. मात्र या गाड्या टॅक्सीत भरपूर चालल्या, म्हणून आधीची पाटी पिवळी होती का हे कागदावर बघून घ्यावं. डस्टर, लोगानमधलं १.५ लिटरचं इंजिन पळायला छान, पण त्याला बेल्ट आहे. तो बदलल्याचं बिल नसेल तर त्याचा खर्च किमतीतून वजा करा. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. शेवर्लेची विक्री २०१७ च्या अखेरीस थांबली, फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. या गाड्या स्वस्त दिसतात त्या त्यामुळेच. गाडी वाईट नसते, पण एखाद्या सेन्सरसाठी आठ दिवस गाडी उभी राहिली तर ज्याचं पोट गाडीवर आहे त्याने काय करायचं?

गाडी बघायची ती सकाळी आणि थंड. विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगायचं, ‘आम्ही येईपर्यंत सुरू करू नका.’ गेल्यावर पहिला तळहात बॉनेटवर ठेवायचा. कोमट लागलं तर समजायचं की सकाळची स्टार्टिंगची अडचण झाकायला गाडी आधीच तापवून ठेवली आहे. मग सेल्फ मारायला दुसऱ्याला बसवायचं आणि आपण सायलेन्सरपाशी उभं राहायचं. क्षणभर पांढुरका धूर येऊन गेला तर चालतं. पांढरा धूर थांबतच नसेल आणि त्याला गोडूस वास असेल, तर कुलंट जळतंय, म्हणजे हेड गॅस्केट. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. रेस केल्यावर काळा भपका निघाला तर इंजेक्टर, ईजीआर नाहीतर एअर फिल्टर. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण सैल करून उलटं ठेवायचं. ते जागच्या जागी हललं तर ठीक, पण धूर फेकत उडायला लागलं तर पिस्टन-रिंग गेल्या, तिथूनच नमस्कार करून परतावं. काडीवरचं ऑइल काळं आहे म्हणून घाबरू नका, डिझेलचं ऑइल काळंच असतं. मात्र ते वरच्या खुणेच्याही वर असेल, तर ऑइलमध्ये डिझेल उतरत असण्याची शंका घ्यावी.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट बघायलाच हवी, ती म्हणजे कुलंटची टाकी. आपल्या भागात बोअरचं जड पाणी सर्रास रेडिएटरमध्ये ओततात. टाकीत तांबूस गढूळ पाणी दिसलं, की आत क्षार साचलेत हे ओळखावं. त्रेचाळीस अंशांच्या एप्रिल-मेमध्ये एसी लावून तुळजापूरच्या रस्त्याला लागलात की ती गाडी काटा वर नेणारच. चालवून बघतानाही गल्लीत चक्कर मारून भागत नाही. हायवेला न्या, कमी वेगात चौथा गिअर टाकून अ‍ॅक्सिलरेटर दाबा. इंजिनाचा आवाज वाढला आणि गाडीचा वेग वाढला नाही, तर क्लच प्लेट संपली.

आता हिशेबाबद्दल. पुतण्याबरोबर होटगी रोडला एक हॅचबॅक बघितली. मीटर ७८ हजार, रंग आरशासारखा, सीटकव्हर कोरं. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर, सीटबेल्टच्या आडोशाला, ऑइल बदलल्याचा अर्धवट खरवडलेला स्टिकर होता. त्यावर ‘पुढचं ऑइल’ या ओळीत १,३२,००० हा आकडा अजून वाचता येत होता. ब्रेक पेडलचं रबर एका बाजूने झिजून गुळगुळीत झालेलं. विकणारा म्हणाला, ‘मागच्या मालकाने दुसऱ्या गाडीचा चिकटवला असेल.’ चादर घेताना ती उलटी करून पोत बघणारं आपलं गाव, गाडी मात्र वरवर बघून घेतं. शेवटी पुतण्याने घेतली ती २०१६ ची डिझायर, १,३८,००० किलोमीटर चाललेली. एका निवृत्त बँक अधिकाऱ्याची. मुलगी पुण्यात, त्यामुळे सगळं चालणं हायवेचं. दर सर्व्हिसचं बिल फायलीत तारखेने लावलेलं. आम्ही त्या सर्व्हिस सेंटरला गाडीचा नंबर सांगून बिलं ताडून बघितली, आकडे जुळले. घेतल्यावर क्लच केला, टायर टाकले, सस्पेन्शनचे बुश बदलले. राखून ठेवलेले पन्नास हजार त्यातच कामी आले. इंजिनाला अजून पाना लागलेला नाही.

कागदांत आळस करू नका. बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५, ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३०, परजिल्ह्यातली-परराज्यातली असेल तर एनओसी. थकलेली ई-चलानं आधी विकणाऱ्याने भरायची. विमा चौदा दिवसांत नावावर करून घ्या, नाहीतर अपघातात आपल्याच गाडीच्या नुकसानीसाठी कंपनी हात वर करते. गाडी विकणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावं, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की अपघाताची भरपाई द्यायची वेळ आली तर आरसीवर ज्याचं नाव, तोच मालक. सहीचे कोरे फॉर्म देऊन मोकळं होणं महागात पडू शकतं. गाडी पंधरा वर्षांची झाली की नूतनीकरणाचं शुल्क २०२२ पासून ६०० चं ५००० झालंय, पर्यावरण कर वेगळा. म्हणून निदान पाच-सहा वर्षं शिल्लक असलेलीच गाडी घ्या. दिल्लीकडे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले, तेव्हापासून तिकडच्या गाड्या इकडे स्वस्तात दाखवतात. इथला कर, एनओसी आणि ट्रॅफिकमध्ये रांगत झालेली झीज धरली तर ती स्वस्ताई उरत नाही. आणि पुराचं विसरू नका. २०१९ ला सांगली-कोल्हापूर बुडालं, सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्याच जिल्ह्यात सीना माढा-मोहोळच्या शिवारात घुसली. पाण्यातून निघालेल्या गाड्या धुऊन-पुसून बाजारात येतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, सीटखालच्या रुळांत बोट घालून बघा. गाळ लपत नाही.

हे सगळं सामान्य माणसाने एकट्याने किती करायचं? १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं प्राधिकार प्रमाणपत्र लागतं. असा नियम आहे, तर प्रमाणपत्र दुकानात दिसेल असं लावलेलं असावं आणि गिऱ्हाइकाने ते मागावं. माझी मागणी त्याच्या पुढची आहे. बेल्जियममध्ये २००६ पासून जुनी गाडी विकताना किलोमीटरचा दाखला द्यावाच लागतो. ब्रिटनमध्ये दरवर्षीच्या तपासणीत नोंदवलेलं रीडिंग गाडीचा नंबर टाकून कोणालाही बघता येतं. आपल्याकडे पीयूसी होतं, विमा होतो आणि ‘वाहन’ पोर्टल तर प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहे. पीयूसी करताना मीटरचा आकडा नोंदवायला अर्धं मिनिट पुरे. तो तारखेसह सगळ्यांना दिसू लागला, तर मीटर मागे करणाऱ्यांचा धंदा आपोआप बसेल. परिवहन खात्याने हे मनावर घ्यावं.

तोवर वाचकांनी एवढं करावं. गाडी पसंत पडली की किंमत विचारायच्या आधी बिलं मागा. ओळखीच्या मिस्त्रीला हजार-पाचशे देऊन सोबत न्या. बिलं नाहीत म्हणाला, तर घासाघीस करत बसू नका, सरळ दुसरी गाडी बघायला जा.