रक्तातली लॉग फाइल

‘रक्ताच्या एका थेंबात कॅन्सरचं निदान!’ अशी बातमी वर्षातून दोन-तीनदा तरी वाचायला मिळते. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ती फिरते, काका-मामा मंडळी हात जोडलेले इमोजी टाकतात, आणि मग सगळे विसरून जातात. मला मात्र दर वेळी एकच प्रश्न पडतो. बातम्या एवढ्या येतात, मग टेस्ट का येत नाही?

मी डॉक्टर नाही आणि बायॉलॉजी तर बारावीलाच सोडलं. दिवसभर सर्व्हरच्या लॉग फाइल्स वाचणं हा आपला धंदा. पण हा विषय वाचायला घेतला आणि वाटलं, अरे, हे तर आपलंच दुखणं आहे!

आधी थोडी पार्श्वभूमी. १९९३ साली व्हिक्टर अ‍ॅम्ब्रोस आणि गॅरी रुवकुन या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांना एक मिलिमीटर लांबीच्या एका किड्यात आरएनएचा एक अगदी छोटा तुकडा सापडला. साधारण बावीस अक्षरांचा. त्यापासून प्रोटीन बनत नाही, उलट तो दुसऱ्या आरएनएला चिकटतो आणि त्याचं प्रोटीन बनणं थांबवतो. यालाच मायक्रो-आरएनए म्हणतात. सुरुवातीला लोकांना वाटलं, असेल त्या किड्याचीच काहीतरी खासियत. २००० मध्ये असाच दुसरा तुकडा सापडला, तो माणसातही निघाला, आणि मग सगळे जागे झाले. २०२४ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल या दोघांना मिळालं ते यासाठीच.

आता गंमत बघा. रक्तात आरएनए कुरतडून टाकणारी एन्झाइम्स भरपूर असतात. उघडा आरएनए तिथे टिकायलाच नको. पण २००८ मध्ये सिअ‍ॅटलच्या फ्रेड हचिन्सन कॅन्सर सेंटरमधल्या मुनीश तिवारी यांच्या लॅबने दाखवलं की मायक्रो-आरएनए रक्तात मजेत टिकून राहतात, आणि प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशंटच्या रक्तात त्यातला एक, मिर-१४१, जास्त सापडतो. काही तुकडे बारीक पिशव्यांमध्ये बसून फिरतात, तर बरेचसे एका प्रोटीनला घट्ट चिकटून. २०१० मध्ये तर एका अभ्यासात लाळ, अश्रू, लघवी, आईचं दूध असे बारा वेगवेगळे द्रव तपासले. सगळ्यांत मायक्रो-आरएनए मिळाले.

म्हणजे शरीरातली प्रत्येक पेशी जणू लॉग लिहितेय आणि तो आपल्याला नुसत्या सुईने वाचता येतोय! मग काय, पेपरांचा पाऊस पडला. प्रत्येक आजारासाठी कुठला ना कुठला मायक्रो-आरएनए ‘मार्कर’ म्हणून जाहीर झाला.

पण ज्याने कधी प्रॉडक्शनमधला लॉग बघितलाय त्याला पुढचा प्रश्न लगेच सुचेल. बाबा रे, ही ओळ लिहिली कुणी? दहा हजार प्रोसेस एकाच फाइलमध्ये लिहीत असतील, तर एरर नेमकी तुमच्याच मॉड्यूलची हे कशावरून?

रक्तात सगळ्यात जास्त बडबड कोण करतं? अर्थातच रक्तातल्या पेशी. रक्त काढताना सुई बारीक पडली, ट्यूब जोरात हलली, सॅम्पल बाइकवरून खड्ड्यांतून गेलं किंवा लॅबमध्ये तासभर तसंच पडून राहिलं, की काही तांबड्या पेशी फुटतात. त्यांच्यातले मिर-४५१ आणि मिर-१६ बाहेर सांडतात. त्यातही मिर-१६ हा बऱ्याच अभ्यासांत चक्क ‘स्थिर संदर्भ’ म्हणून धरला गेला होता! फूटपट्टीच रबराची निघाली तर मापाचं काय होणार?

२०१२ मध्ये एका गटाने हिशोब मांडला. कॅन्सरचे मार्कर म्हणून छापून आलेल्या ७९ मायक्रो-आरएनएंपैकी ४६ रक्तपेशींमध्येच भरपूर प्रमाणात सापडतात. रक्तपेशींची संख्या बदलली किंवा पेशी फुटल्या तर आकडे पन्नास पटींपर्यंत हलू शकतात. आता हा गट कुणाचा? त्याच तिवारींच्या लॅबचा! चार वर्षांपूर्वी ज्यांनी आनंदाची बातमी दिली, त्यांनीच धोक्याची घंटा वाजवली. मला विचाराल तर या दोन्हींत २०१२ चा पेपर जास्त मोलाचा. पण व्हॉट्सअ‍ॅपवर तो कधी आलेला आठवत नाही.

हे पहिल्यांदाच घडत होतं असंही नाही. २००२ मध्ये लॅन्सेटमध्ये अंडाशयाच्या कॅन्सरची एक रक्त-टेस्ट आली होती. ती प्रोटीनवर आधारलेली होती, आरएनएवर नाही. पेशंट ओळखण्यात १०० टक्के यश! पुढे ह्यूस्टनच्या एमडी अँडरसनमधल्या बॅगर्ली आणि कूम्ब्स या संख्याशास्त्रज्ञांनी डेटा उलगडून पाहिला. त्यांचं म्हणणं असं की दिसणारे फरक आजारामुळे नसून नमुने कसे हाताळले आणि मशीनवर कसे चालवले यामुळेही येऊ शकतात.

आपल्यातले बरेच जण हल्ली वीकेंडला असे डेटासेट डाउनलोड करून मॉडेल ट्रेन करतात. ‘९८ टक्के अ‍ॅक्युरसी’ म्हणून लिंक्डइनवर टाकतात. मित्रांनो, मॉडेल नेमकं काय शिकलं हे बघितलंत का? पेशंटचं रक्त हॉस्पिटलमध्ये, घाईत, एका प्रकारच्या ट्यूबमध्ये आणि निरोगी लोकांचं रक्त शिबिरात, निवांत, दुसऱ्या ट्यूबमध्ये घेतलं असेल, तर तुमच्या मॉडेलने कॅन्सर नाही, ट्यूब ओळखलीय.

तुम्ही म्हणाल, मग हे सगळं बंदच करायचं का? मुळीच नाही. जिथे हा प्रकार चालतो तिथे फार छान चालतो, आणि तो का चालतो हे बघण्यासारखं आहे.

युवराज सिंग आठवतो ना? २०११ च्या वर्ल्ड कपचा मॅन ऑफ द टूर्नामेंट. त्याला छातीत जर्म सेल ट्यूमर निघाला. अमेरिकेत केमो घेऊन तो २०१२ मध्येच मैदानावर परतला. हाच ट्यूमर बहुतेक वेळा वृषणात होतो आणि तोही १५ ते ३५ या वयात. म्हणजे हे वाचणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांच्या वयात. या ट्यूमरच्या पेशी मिर-३७१ नावाचा मायक्रो-आरएनए सोडतात. तो मुळात गर्भावस्थेतला, मोठ्या माणसाचं निरोगी शरीर तो जवळपास बनवतच नाही. म्हणजे लॉगमध्ये गोंगाट नाही, ओळ दिसली की लिहिणारा कोण ते कळतं. २०१९ मध्ये जर्मनीतून छापून आलेल्या मोठ्या अभ्यासात ६१६ पेशंट होते. सेन्सिटिव्हिटी ९० टक्के, स्पेसिफिसिटी ९४ टक्के. टेराटोमा हा एक प्रकार मात्र यात सापडत नाही.

पण या टेस्टलाही ‘सगळ्यांनी करा’ म्हणून विकायला काढलं तर? साधं गणित करा. समजा एक लाख पुरुषांमध्ये दहा जणांना हा आजार आहे. टेस्ट नऊ जणांना पकडेल आणि सुमारे सहा हजार निरोगी लोकांना उगाच घाबरवेल. आता तीच टेस्ट गाठ असलेल्या शंभर जणांवर करा, ज्यातल्या पन्नास जणांना खरंच आजार आहे असं धरू. पंचेचाळीस बरोबर, तीन उगाच. टेस्ट तीच, फक्त प्रश्न विचारण्याची जागा बदलली.

म्हणून माझं मत असं, की या क्षेत्राला आता आणखी नवे मार्कर नकोत. रक्त कुठल्या ट्यूबमध्ये घेतलं, किती मिनिटांत फिरवलं, पेशी फुटल्या होत्या का, याची कंटाळवाणी नोंद हवी आणि त्या कामाला पैसा आणि मान हवा. आपल्याकडेही टेस्टिंग करणाऱ्याला डेव्हलपरपेक्षा कमीच लेखतात ना? तसंच आहे हे.

आणि तुमच्यापुरतं सांगायचं तर, आई-बाबांसाठी एखादं ‘अ‍ॅडव्हान्स्ड कॅन्सर स्क्रीनिंग’ पॅकेज घेण्याआधी दोनच प्रश्न विचारा. ही टेस्ट कुणासाठी आहे? आणि पॉझिटिव्ह आली तर पुढे काय? उत्तर गोलमोल मिळालं तर पैसे खिशात ठेवा. याउलट तुम्हाला स्वतःला वृषणात गाठ लागली, तर कुठल्याही नव्या टेस्टची वाट न बघता आणि लाज न बाळगता याच आठवड्यात डॉक्टरकडे जा. साध्या सोनोग्राफीत बरंच कळतं, आणि वेळेवर गेलात तर हा आजार बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो.

बघा पटतंय का.